टाकीचं विरजण

"मेले," शिवानी म्हणाली.

"कोण?"

"सगळे."

मितेश राऊळांच्या हातातला नारळ निसटला आणि गडगडत टाकीच्या कठड्याला जाऊन टेकला. त्यांनी मनातल्या मनात भराभर घरची माणसं मोजली. आई कुडाळला, सकाळीच फोनवर ओरडलेली, म्हणजे सुखरूप. मुलगी आजीकडेच. बायको, रुचिता, वर तिसऱ्या मजल्यावर. तिच्या कुकरची शिट्टी आत्ताच झाली. मग राहिलं कोण?

"अब्जावधी होते, काका. एकही शिल्लक नाही." शिवानी टाकीत वाकून बघत होती. अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोचलेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा झाला होता. "कोणी केलं हे?"

आता राऊळ जरा सावरले. कारण केलं होतं त्यांनीच, आणि त्यांच्या मते चांगलंच केलं होतं.

शिवानी ही सी विंगमधल्या गोसाव्यांची मुलगी. शहरभरचं सांडपाणी जिथे येतं, शुद्ध होतं आणि मग खाडीत सोडलं जातं, त्या मोठ्या केंद्रात ती इंजिनिअर. टिटवाळ्यातल्या या 'नदीकिनारा हाइट्स' सोसायटीचं स्वतःचंही एक छोटं शुद्धीकरण केंद्र होतं, बी विंगच्या मागे, मोटरशेजारी. सोमवारी प्रदूषणवाल्यांची तपासणी होती. म्हणून कमिटीने तिला "सहज एक नजर टाक गं" म्हणून बोलावलेलं. ती नजर टाकेल आणि "वा" म्हणेल, अशी राऊळांची अपेक्षा होती.

वा म्हणण्यासारखंच होतं सगळं. टाकीच्या भिंती पांढऱ्याशुभ्र. पाण्यातून तळ दिसत होता. कठड्याभोवती रांगोळी. हवेत फिनेलचा वास आणि त्यावर, रुचिताच्या सूचनेवरून, चार थेंब वाळ्याचं अत्तर. भिंतीवर नवी पाटी: 'स्वच्छता सौजन्य: मितेश राऊळ'.

"काय काय टाकलंत यात?"

"ॲसिड. मग फिनेल. मग ब्लीचिंग पावडर. मग परत फिनेल, कारण मालनकाकूंचं समाधान होईना."

"आणि आधी जे होतं? तपकिरी, फेसाळ?"

"शी! ते नाल्यात सोडून दिलं."

शिवानी खाली बसली. कठड्यावर नाही. जमिनीवर, रांगोळीत.

"काका, तेच तर कामाला होते. त्या तपकिरी गाळात जिवाणू असतात. आपण वरून जे जे सोडतो ते ते खातात. खाऊन जड होतात, तळाला बसतात आणि वरचं निवळ पाणी नाल्यात जातं. नाला पुढे काळू नदीत. आपण त्यांना फक्त खालून हवा द्यायची. एवढंच केंद्र असतं. बाकी भिंती."

"म्हणजे मी..."

"तुम्ही केंद्र धुऊन टाकलंत आणि भिंती ठेवल्यात. आता खाणारं कोणी नाही. अख्ख्या सोसायटीचं जसंच्या तसं नदीत चाललंय. वर फिनेल लावून. सोमवारी ते पाण्याचा नमुना घेतील आणि सोसायटीचं पाणी तोडतील. केंद्र चालू ठेवायच्या अटीवरच तर इमारतीला परवानगी आहे."

राऊळांनी आयुष्यात डास मारण्याआधीही खिडकी उघडून त्याला एक संधी दिलेली होती. ते पाटीच्या पुढे सरकून उभे राहिले. पाटी मोठी होती. ते तिच्या मानाने बारीक होते.

राऊळांच्या बाजूने दोन शब्द

पदाचा त्यांना मोह नव्हता. सभेत 'सांडपाणी प्रमुख' निवडायची वेळ आली तेव्हा ते फोन घ्यायला बाहेर गेलेले. फोन वागळे इस्टेटमधून, त्यांच्या खोक्यांच्या कारखान्यातून होता. परत येईपर्यंत टाळ्या सुरू होत्या. कोणासाठी ते न कळल्यामुळे त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी प्रथमच पाहिली आणि हादरले. ज्या आवारात आपण हप्ते भरून राहतो त्या आवारात हे असं? बुडबुडे येणारं, चॉकलेटी, जिवंत असल्यासारखं काहीतरी? ('जिवंत असल्यासारखं' हे शब्द त्यांनी त्याच दिवशी रुचिताला सांगितलेले. ते त्यांना आता आठवायचे नव्हते.) घरी पाहुणा येणार असला की माणूस मोरी घासतो. सरकारी पाहुणा असेल तर जरा जास्त घासतो. यात काय चुकलं सांगा. मोरी घासली म्हणून आजवर कोणी कोणाला खुनी म्हटल्याचं राऊळांच्या तरी ऐकिवात नव्हतं.

सल्ले

"एकच उपाय आहे," शिवानी म्हणाली. "दुसऱ्या चालू केंद्रातला जिवंत गाळ आणून यात सोडायचा. थोडासा पुरतो. मग तो वाढतो."

"विरजण!" मालनकाकू म्हणाल्या. त्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या गॅलरीतून बी विंगची मागची बाजू पूर्ण दिसते, त्यामुळे त्यांना बोलवावं लागत नाही. "मग सरळ विरजण म्हण ना. मागून आणलेलंच चांगलं लागतं. घरचं घरच्याला लावत राहिलं की आंबट होतं. फक्त लावल्यावर हलवायचं नाही हो, मितेश. बोट लागलं की मोडतं."

"आजी, हे सारखं हलवायचं असतं. हवा मिळाली नाही तर दोन-तीन तासांत मरतात."

"सारखं हलवायचं?" काकूंनी राऊळांकडे पाहिलं. "मग ते दही नव्हे रे. ताक."

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे गेली. एकाने पाच किलो गूळ टाकायला सांगितलं. एकाने देशी गायीचं शेण, पण पांढऱ्या गायीचं. ए विंगमधले एक निवृत्त गृहस्थ मुद्दाम खाली आले, टाकीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "मी असतो तर धुतलीच नसती," आणि वर गेले.

टँकर मिळेना. मे महिना, टिटवाळ्यातल्या सगळ्या नव्या इमारती टँकरवर जगत होत्या आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर असल्या कामाला द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या मेलरॉयचा टेम्पो निघाला. मेलरॉयचा जेवणाची कंत्राटं घेण्याचा धंदा. टेम्पोच्या दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत 'मेलरॉय केटरर्स' आणि आचाऱ्याची टोपी घातलेला एक हसरा खेकडा.

"ड्रम तू नवे घ्यायचे, मॅन. माझ्या पातेल्यांना बोट लावायचं नाही," मेलरॉय म्हणाला. "हा जुना डाव घे ढवळायला. परत देऊ नको. ठेव तुलाच. हा ॲप्रन पण. आणि माझ्या बायकोला, ॲनेटला, बोलायचं नाही. तिला कळलं तर ती मला पण त्या टाकीत सोडेल."

ॲप्रनवरही खेकडा होता.

दिवेलागण

शहराचं मोठं केंद्र राऊळांनी शनिवारी पाहिलं आणि त्यांना पुन्हा धक्का बसला, पण वेगळ्या प्रकारचा. मैदानाएवढ्या टाक्या. त्यांत उकळी आल्यासारखं तपकिरी पाणी. कठड्यावर बगळ्यांची रांग. एका टोकाने काळं, जाड, बघवणार नाही असं पाणी आत येत होतं आणि दुसऱ्या टोकाने निवळशंख होऊन खाडीत पडत होतं. मधल्या टाकीपाशी वास होता, पण घाणीचा नव्हता. शेतातल्या ओल्या मातीचा होता.

"म्हणजे रोज सकाळी अख्खं शहर जे..." राऊळ म्हणाले आणि पुढचा शब्द त्यांना सभ्य भाषेत सापडला नाही.

"ते सगळं हे खातात. सुट्टी न घेता," शिवानी म्हणाली. "हे नसते तर खाडीकाठी नाक दाबून बसावं लागलं असतं."

तिच्या साहेबांना गाळ देण्यात अडचण नव्हती. अडचण अशी होती की वाळलेला गाळ खत म्हणून न्यायची पद्धत होती. जिवंत न्यायची नव्हती. साहेब सज्जन होते. त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. शेवटी कागदावर 'नमुना' असं लिहायचं ठरलं.

"चार ड्रम नमुना?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं.

"मोठा नमुना," साहेब म्हणाले आणि सही केली.

यात सूर्य मावळला. झडप सोडायचं काम गुणाजीचं. गुणाजीने कागद वाचला, आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आता नाही. दिवेलागणीला विरजण घराबाहेर देत नाहीत."

"गुणाजी!" शिवानीचा आवाज चढला. "हा मैल्याचा गाळ आहे!"

"तुमच्यासाठी, मॅडम. आमची लक्ष्मी आहे. तिन्हीसांजेला बाहेर दिली नि उद्या टाकी बसली, तर साहेब कोणाला विचारणार?"

हे वाक्य ऐकून शिवानी अवाक झाली. राऊळ मात्र झाले नाहीत. त्यांची आई हेच बोलली असती. आणि अशा वेळी काय करतात तेही त्यांना ठाऊक होतं. बदल्यात काहीतरी आत ठेवायचं, म्हणजे देणं राहत नाही, अदलाबदल होते. त्यांनी पिशवीतून डबा काढला.

"घावन आहेत."

"कोणी केले?"

"बायकोने."

गुणाजीने एक तुकडा मोडून खाल्ला, डबा खिडकीत ठेवला आणि झडप सोडली.

पिवळे

शिवानी पुढे मेलरॉयच्या शेजारी बसली. राऊळ मागे, चार निळ्या ड्रमांच्या मध्ये, खेकड्याचा ॲप्रन घालून, लांब दांड्याच्या डावाने आळीपाळीने ढवळत. झाकणं सैल ठेवलेली, कारण हवा. शहाडच्या पुलावर ते ढवळत होते. रेल्वे फाटकापाशी ढवळत होते. शेजारच्या रिक्षातल्या बाईने आत डोकावून "मस्त दिसतंय, काय आहे?" विचारलं, तेव्हा ते नुसते हसले आणि ढवळत राहिले.

नदीकाठच्या एका गावात टेम्पो थांबला. पुढे रस्ताच नव्हता. रस्त्यावर मांडव होता, मांडवात हळद होती, आणि हळदीत डीजे होता. त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरांमुळे ड्रममधल्या गाळावर वर्तुळं उमटत होती.

दोन पोरांनी टेम्पोवरचा खेकडा पाहिला.

"आयला रं, रस्सा आयला!"

"कवरा उशीर, बावा! पंगत कवाधरनं बसलीय!"

हळदीचं मटण ठरवलेल्या आचाऱ्याची गाडी याच कोंडीत मागे कुठेतरी अडकलेली होती. पण हे राऊळांना नंतर कळलं. आत्ता त्यांना एवढंच कळलं की चार-पाच जणांनी फळका पाडला, वर चढले आणि पहिल्या ड्रमला हात घातला.

"अहो, नको! तो रस्सा नाही!" राऊळ ओरडले.

"हां हां, मटनाचाच पायजे!" एक पोरगा आनंदाने ओरडला. डीजेपुढे कोणाला काही ऐकू येत नव्हतं.

राऊळांनी मग सुशिक्षित माणसाला सुचेल ते केलं. ते ड्रमच्या झाकणावर बसले. पोरांना वाटलं, आचारी मजेत आलाय. त्यांनी ड्रम राऊळांसकट उचलला. मितेश राऊळ, बी. कॉम., डाव हातात धरून, माणसांच्या डोक्यांवरून डुलत मांडवात शिरले. बायांनी "आयलं, आयलं!" करत दोन्ही हातांनी हळद फासली, कारण हळदीच्या मांडवात जो येतो त्याला ती लागते. कानांत गेली. चष्म्यावर गेली. पिवळ्या चष्म्यातून त्यांना पत्रावळींची लांबच लांब रांग दिसली आणि तिच्यापुढे हात धुऊन बसलेली माणसं.

कोणीतरी त्यांना प्रेमाने खाली उतरवलं. एका म्हातारीने झाकण बाजूला केलं, वाकली, वास घेतला.

"मातीचा वास येतंय गो," ती म्हणाली. "मसाला घातला का नाय यान?"

तिने वाटी उचलली.

पुढे काय घडलं असतं हा विचार राऊळांनी त्यानंतर कधी पुरा केलेला नाही. कारण त्या क्षणी डीजे थांबला आणि गावाच्या चारही दिशांना, नदीपार, शिवानीचा आवाज घुमला:

"हॅलो. हॅलो. निळ्या ड्रममध्ये रस्सा नाही. कोणी वाटी घालू नका. तो शहराच्या गटाराचा गाळ आहे. पुन्हा सांगते. गटाराचा."

म्हातारीने वाटी हळूच खाली ठेवली.

इतकी शांतता राऊळांनी फक्त वार्षिक सभेत, वर्गणी वाढवायचा ठराव आल्यावर, अनुभवली होती.

गर्दीतून नवरीचे वडील पुढे आले. भिवा भोईर. अंगावर कोरा सदरा, त्यावर हळदीचे पंजे.

"आमचे पोरीचे हलदीन," ते एकेक शब्द सावकाश बोलले, "तुमी गटार आनलाव?"

"गटार नाही... विरजण..." राऊळ म्हणाले.

शिवानी माइक टाकून धावत आली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. सोसायटी, टाकी, जिवाणू, सोमवार. भिवा ऐकत होते. 'नदीकिनारा' शब्दाला त्यांनी हात वर केला.

"थांब पोरी. नाल्यावरची ती उंच बिल्डिंग? तिची टाकी धुतली? फिनेलान?"

"हो."

"म्हंजे त्यो फेस तुमचा!" भिवा मांडवाकडे वळले. "ऐकलाव का? दोन दिस नाल्याला पांढरा फेस. नदीन मासे उलटे पडलेत. शालेचे हीरीला दवाखान्याचा वास. उद्या नवऱ्याकडचा वऱ्हाड उरणशी येतंय, त्यांचा जानोसा आमी शालेन ठेवलेला. आता कुठं उतरवू त्यांना? फिनेलचा च्या पाजू?" मग परत राऊळांच्या घोळक्याकडे. "कोनी धुतली?"

"ह्याने," मेलरॉयने तत्परतेने बोट दाखवलं.

राऊळ उभे होते. नखशिखान्त पिवळे, हातात डाव, छातीवर हसरा खेकडा. त्यांना काहीतरी बाणेदार बोलायचं होतं. पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आयुष्यभर त्यांनी मोरीत पाणी ओतलं होतं, आणि ते कुठे जातं हे एकदाही विचारलं नव्हतं. ते इथे येत होतं. या माणसांच्या दारात.

"सोमवारपर्यंत टाकी जिवंत करायची आहे," त्यांच्या तोंडून निघालं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "म्हणून हे नेतोय. उशीर झाला तर हेही मरतील."

भिवांनी ड्रमात पाहिलं. राऊळांकडे पाहिलं. दोन्हीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यात फरक पडला नाही. मग ते गरजले.

"ए बंटी! डीजे मागं घे! मांडवाचा बांबू काढ त्या अंगचा! आरं उचला ते ड्रम, बघतांव काय! आनी दोघं जा त्यांचेबरोबर ढवलायला, ह्या साहेबाचे हातान काय जीव दिसत नाय!"

टेम्पो सुटताना त्यांनी फळक्यावर थाप मारली. "आनी साहेब, जानोशाचा काय ता तुमी बघायचा. हीर तुमी नासवली."

संदेश

गाळ टाकीत गेला. हवा सुरू झाली. पाणी तपकिरी झालं, आणि राऊळांना त्या रंगाकडे बघून भरून आलं. भिवांनी बरोबर दिलेली दोन पोरं ढवळून दमून परत गेली.

"छान," शिवानी म्हणाली. "आता यांना खायला काय घालणार?"

राऊळांनी वर पाहिलं. तीन विंग. मोजके दिवे. मे महिना, अर्ध्याहून जास्त सोसायटी सुट्टीत गावाला. धुतलेल्या टाकीतलं जुनं अन्न वाहून गेलेलं आणि नवं घालायला माणसं नाहीत.

"सोमवारपर्यंत उपाशी मरतील," शिवानी म्हणाली आणि जेवायला गेली.

राऊळांनी सोसायटीचा ग्रुप उघडला.

*सर्व सभासदांना कळकळीची विनंती की आपण दिवसातून किमान एकदा जास्त*

खोडलं.

*निसर्गाच्या हाकेला ओ देताना संकोच न करता*

खोडलं. मागे रुचिता उभी होती.

*आपल्या सोसायटीतील असंख्य जीव आज अन्नावाचून*

खोडलं, कारण यावर देणगी मागताहेत असं वाटलं असतं.

*काही जीव गेले आहेत. गावी गेलेल्यांनी शक्य असल्यास त्वरित परत यावे. जास्त लिहवत नाही. मितेश राऊळ.*

हा गेला.

पहिलं उत्तर लगेच आलं: *भावपूर्ण श्रद्धांजली.* मग दुसरं. मग रांगच लागली. हात जोडलेले, पणत्या, पांढरी फुलं. कोणीतरी विचारलं, *कोण गेलं?* त्याला तिघांनी दटावलं, *आता ही विचारायची वेळ आहे का?* थोड्याच वेळात कुडाळहून राऊळांच्या आईचा रडत फोन आला की रुचिताला काय झालं, आणि फोन रुचितानेच उचलला, त्यामुळे आई आणखी घाबरली.

आईला शांत करून रुचिता कपाळाला हात लावून बसली. मग तिने हात काढला.

"अहो. ते उरणचं वऱ्हाड किती जणांचं आहे म्हणालात?"

"दोन बस. का?"

रुचिताने टाकीच्या दिशेने बोट केलं. राऊळांना समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ते उभे राहिले.

"रुचिता! आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत असा विचार..."

"जानोसा त्यांना हवाय ना? आपण देतोय. पुढचं ज्याचं त्याचं."

अगत्य

क्लबहाउस पुरणार नव्हतं. राऊळांनी गावी गेलेल्यांना फोन करून बंद फ्लॅट वापरायची परवानगी मागितली. "माणसं येतायत बाहेरगावची," एवढंच ते सांगू शकले, आणि पलीकडून प्रत्येक जण दाटल्या गळ्याने म्हणाला, "चाव्या मालनकाकूंकडे आहेत. खचू नका."

रविवारी सकाळी वऱ्हाड उतरलं. नवऱ्याचे आईवडील, काका, आत्या, मोठा गोतावळा. भिवांकडून न्याहारी आली, जेवण आलं, संध्याकाळी लग्न लागलं, रात्रीची पंगत झाली. रात्री बस हाकायच्या नाहीत म्हणून वऱ्हाड सोमवारी सकाळी निघणार होतं. आणि या सगळ्यात मितेश राऊळ सावलीसारखे हिंडत होते.

"घ्या ना. लाजू नका. आणखी एक वाटी."

"पोट फुटेल, साहेब."

"नाही फुटत. पाणी प्या वरून. कलिंगड कापलंय. खजूर देऊ?"

नवऱ्याचे वडील भारावले. असा आग्रह त्यांना स्वतःच्या बहिणीकडे झाला नव्हता, हे त्यांनी बहिणीसमोर सांगितलं. मालनकाकूंनी प्रत्येक बाथरूममधल्या फिनेलच्या बाटल्या गोळा करून कुलपात ठेवल्या. मेलरॉयने स्वखुशीने डाळीचं मोठं पातेलं दिलं. ॲनेटला लग्नाचं काम मिळालंय असं सांगून. आणि राऊळ दर थोड्या वेळाने जिन्यात थांबायचे, कुठून तरी फ्लशचा आवाज आला की डोळे मिटायचे.

"हे गृहस्थ देवभक्त दिसतात," आत्या म्हणाल्या.

भिवा रात्री मुद्दाम येऊन राऊळांचे हात धरून गेले. "साहेब, राग व्हता मना. तुमी नासवली, तुमीच निस्तारली. माझे पोरीचे सासरचे खूश हायत. हे मी इसरनार नाय."

राऊळ रात्रभर झोपले नाहीत.

सोमवार

तपासणी अधिकारी आले तेव्हा गेटजवळ दोन्ही बस उभ्या होत्या आणि वऱ्हाड चढत होतं. भिवा पोरीला, समृद्धीला, निरोप द्यायला आलेले, डोळे लाल. राऊळांना वाटलं, अधिकारी आधी जावेत किंवा बस. दोघांपैकी कोणीच गेलं नाही. उलट भिवा म्हणाले, "चला, मनापन बघायची हाय ती टाकी," आणि त्यांच्याबरोबर मागे आले.

टाकीत चॉकलेटी पाणी उसळत होतं. अधिकाऱ्यांनी काचेचं उंच भांडं भरलं आणि कठड्यावर ठेवलं. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. राऊळ, शिवानी, मेलरॉय, रुचिता, मालनकाकू, भिवा. गाळ हळूहळू खाली बसायला लागला आणि वर, आधी धूसर, मग स्वच्छ, मग पलीकडचं बोट दिसेल इतकं निवळ पाणी उरलं.

"तब्येत उत्तम आहे," अधिकारी म्हणाले. "नमुन्याचा अहवाल नंतर येईल, पण हे जिवंत आहे. चांगलं खाल्लेलं आहे."

राऊळांना वाटलं, आपण आता खाली बसावं.

"फक्त एक कळत नाही." अधिकारी वर बंद खिडक्यांकडे बघत होते. "निम्मी सोसायटी तर गावाला दिसते. मग यांना एवढं खायला मिळालं कुठून?"

शिवानी बगळा शोधत असल्यासारखी आभाळाकडे बघायला लागली. मेलरॉयला टेम्पोचं टायर तपासायची आठवण झाली. रुचिताने पदर तोंडाला लावला. राऊळ पुन्हा पाटीच्या पुढे सरकले.

"दोन बस," मालनकाकू म्हणाल्या.

अधिकाऱ्यांना समजलं नाही. भिवांना समजलं. ते आधी टाकीकडे बघत होते. मग मान वळवून त्यांनी गेटकडे, बसकडे पाहिलं. मग परत टाकीकडे. मग राऊळांकडे.

"साहेब. त्यो आग्रह."

राऊळांनी मान खाली घातली.

"याह्यांना तिसरी वाटी. कलिंगड. खजूर." भिवांचा आवाज बारीक होत गेला. "माझे पोरीचे सासऱ्याला खजूर खिलवलाव... ह्याचेसाठी?"

"हो," राऊळ म्हणाले.

भिवा टाकीला वळसा घालून मागे गेले, जिथे पाइपातून पाणी नाल्यात पडतं. नवं धोतर न सांभाळता उकिडवे बसले. ओंजळ धरली. नाकाशी नेली. पाणी बोटांतून गळून गेलं तरी ओंजळ तशीच नाकाशी होती. खाली नाला वाकत वाकत त्यांच्या गावाच्या दिशेने गेला होता. त्यावर आज फेस नव्हता.

सोमवार, पाणी, पद, पाटी, यातलं आता राऊळांच्या डोक्यात काहीच नव्हतं. समोर फक्त ती पाठ होती.

पाठ उठली. भिवांनी हात सदऱ्याला पुसले आणि गेटकडे तोंड करून, परवाच्या डीजेला मागे टाकेल अशा आवाजात, हाक मारली:

"एऽ! थांबवा रं त्या गाड्या! उतरा सगली खाली! लांबचा परवास हाय, कोनी तसाच बसायचा नाय! म्हातारीकोतारी, पोरांटोरां, जा, वर जाऊन या आदी!"

बसचे दरवाजे उघडले. सासरे उतरले, आत्या उतरल्या, काका उतरले. नवरा नवरीचा शेला सांभाळत उतरला. जिन्यांवर पावलं वाजली. थोड्या वेळाने तिन्ही विंगांच्या पाइपांतून, वरपासून खालपर्यंत, एकाच वेळी पाणी धावायला लागलं. अधिकाऱ्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"काका!" शिवानी ओरडली. "हवा वाढवा, हवा!"